एक धुण्याचा दगड, आनी

त्या काळी सोलापुरातून अक्कलकोटाच्या रस्त्याला लागलं, की वळसंगच्या अलीकडं डाव्या हाताला एक हत्ती दिसायचा. नवखा गाडीवान असला तर बैलांच्या आधी तोच बुजायचा. जुने गाडीवान खुशाल झोपेत यायचे आणि हत्ती आला की जागे होऊन विडी पेटवायचे. हत्ती दगडाचा होता. बारा हात उंच होता. मागून बघितला तर अगदी खरा वाटायचा आणि पुढून बघितला तर गावच्या आबासाहेब पाटलांसारखा दिसायचा. असा कसा, ते पुढं येईलच. आधी ज्यानं तो बांधला त्या धोंडीरामाचं लग्न लावून घेऊ, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तिथं आहे.

धोंडीराम मूळचा मोहोळचा. मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून रस्त्याकडेची मामाची वस्ती, विहीर आणि बारा एकर रान त्याच्याकडं आलं. रान कसलं! नांगर घातला की मातीपेक्षा दगडच जास्त वर यायचे. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. धोंडीराम खूश झाला. शेताच्या बांधाला दगडाची ताल, म्हणजे भिंत, घालावी ती धोंडीरामानं. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड असा बसवायचा की मधून मुंगी जायची नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शाळासुद्धा त्यानं बघितली होती ती बाहेरूनच.

गडी कष्टाळू, निर्व्यसनी, हसतमुख. खोड एकच. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत हा उठलेला असायचा. त्याची आई बजाबाई एकदा म्हणाली, "धोंड्या, विहिरीत जरा—" आणि ह्यानं धोतराचा काचा मारून धप्पदिशी उडी टाकली. तिला म्हणायचं होतं, विहिरीत जरा डोकावून पाणी किती हाय ते बघ. तेव्हापासून बजाबाई लेकाशी बोलताना शेवटचा शब्द आधी बोलायची.

तर सव्वीस साली ह्या धोंडीरामाचं लग्न ठरलं. मुलगी इंडीकडची, नीलव्वा. जात एक, देव एक, सोयरेधायरे ओळखीचे, बोली मात्र दोन. तिला कानडी येई, ह्याला मराठी. लग्नाला महिना होता. धोंडीरामानं शेजारच्या बसलिंगप्पाला धरलं आणि कानडी शिकायला घेतली. बसलिंगप्पा वळसंगचाच, दोन्ही भाषा तोंडात घोळवणारा, पण मास्तर म्हणून अगदीच कच्चा. त्याला गोष्ट एकच यायची, ती हत्तीची, आणि तीच तो रोज सांगायचा. महिनाभरात धोंडीराम जे शिकला ते असं: बा म्हणजे ये, नीर म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, एन बेकु म्हणजे काय पायजे, आणि आनी म्हणजे हत्ती. ह्यातला शेवटचा शब्द संसारात कुठं लागणार, हे बसलिंगप्पानं सांगितलं नाही आणि ह्यानं विचारलं नाही.

तिकडं इंडीला नीलव्वाही कंबर कसून बसली होती. बांगड्या भरायला येणारी कासारीण सोलापूरची. तिच्याकडून नीलव्वानं हाय, न्हाय, व्हय, पायजे, दगड, भाकरी, मोठा, लई एवढं गोळा केलं. आणि एक शब्द असा सापडला की ती पोट धरून हसली. मराठीत दोन गोष्टी जोडायच्या तर मधे आनी म्हणायचं! भाकरी आनी कालवण. नवरा आनी बायको. "अय्यो शिवा," ती आईला म्हणाली, "ही माणसं जिकडं तिकडं मधे हत्ती घालतात की!" आई म्हणाली, जपून राहा बाई. आईला काय माहीत, किती जपून राहायला पाहिजे होतं ते.

लग्न झालं. आठवडाभर दोघं एकमेकांकडं बघून नुसती हसत होती, कारण हसायला भाषा लागत नाही. आठव्या दिवशी नीलव्वा विहिरीवर धुणं घेऊन गेली आणि तिचं हसू गेलं. माहेरी ओढ्याकाठी मोठ्या निंबाखाली सपाट, गुळगुळीत, आरशासारखा धुण्याचा दगड होता. इथं विहिरीच्या काठाला खडबडीत कातळ, त्यावर लुगडं आपटावं तर धागे निघायचे. आणि झाड म्हणाल तर दृष्टीच्या टप्प्यात नाही. चैत्राचं ऊन डोक्यावर, पायाखाली तापलेला मुरूम. दोनच गोष्टी मिळाल्या असत्या तर तिचा संसार सोन्याचा झाला असता: एक धुण्याचा दगड आणि थोडी सावली. ह्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. धोंडीरामानं ठेवल्या असत्या तर हत्ती झाला नसता.

तेवढ्यात तो आलाच. बायको घामाघूम झालेली बघितली आणि त्याचा जीव कळवळला. पोटात असेल नसेल ती सगळी कानडी त्यानं ओठावर आणली.

"एन बेकु?"

नीलव्वाला काय आनंद झाला म्हणता! माझ्यासाठी माझी भाषा शिकला हा! मग आपणही त्याच्या भाषेत बोलायला नको का? ती आठवून आठवून बोलू लागली.

"दगड. मोठा. पायजे." सपाट आणि रुंद कसा, ते दाखवायला तिनं दोन्ही हात फाकवले. धुणं हा शब्द काही आठवेना. मग तिनं उजवा हात वर नेला आणि धाडदिशी खाली आणला, पुन्हा वर, पुन्हा खाली. आता दुसरी गोष्ट. "आनी..." सावलीला मराठीत काय म्हणतात, ते कासारणीनं सांगितलंच नव्हतं. तिनं वर बघितलं आणि डोक्याच्या वर, उंच, हाताचा पंजा धरला.

धोंडीरामाचे डोळे वाटीएवढे झाले. दगड. मोठा, एवढा मोठा. हात वरखाली, म्हणजे सोंड! उंची डोक्याच्याही वर. आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाली, आनी!

"कळ्ळं!" धोंडीराम ओरडला, पहार खांद्यावर टाकली आणि पळालाच.

नीलव्वा भिजलं लुगडं हातात घेऊन बघत राहिली. नवरा असावा तर असा! मागायचा अवकाश, निघाला. सावलीचं मागाहून सांगू, असं म्हणून ती वाट बघत बसली. संध्याकाळी धोंडीराम दगडांनी भरलेली गाडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी आणखी एक गाडी. तिसऱ्या दिवशी नीलव्वा हात नाचवून म्हणाली, "एक पुरे, एक!" धोंडीराम हसला. "येड्यावानी काय बोलती? एका दगडात हुतंय व्हय?"

चार महिन्यांनी विहिरीजवळ चार खांब उभे राहिले. जाड, गोल, काळ्या दगडाचे, एकमेकांत बसवलेले. आता नीलव्वाला उलगडा झाला. चार खांब म्हणजे मांडव! वर छप्पर येणार, सावली पडणार! आपण बोललोसुद्धा नाही आणि ह्यानं ओळखलं! त्या दिवशी तिनं त्याला शेंगाची पोळी करून घातली आणि सासूला म्हणाली, "आत्या, तुमचा ल्योक लई शाणा हाय." बजाबाईला ठसका लागला. आजवर धोंडीरामाला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग खांबांवर लांब लांब शिळा पडल्या आणि वर छप्पर यायच्या ऐवजी पाठीमागून एक शेपूट आलं.

नीलव्वा बघतच राहिली. धोंडीरामानं आयुष्यात हत्ती एकदाच बघितला होता. सोलापूरला सर्कस आली होती, तेव्हा हा कडब्याची गाडी घेऊन गेला होता आणि तंबूच्या मागं बांधलेला हत्ती त्याला दिसला होता. तोही मागूनच. तेवढ्यात राखणदारानं हाकललं. त्यामुळं हत्तीचा मागचा भाग त्याला तोंडपाठ होता. शेपूट असं केलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, आता माशी हाकलणार. मांड्यांच्या सुरकुत्या, पायांची नखं, सगळं हुबेहूब.

"अवो, ह्ये काय?" नीलव्वानं विचारलं.

"आनी!" धोंडीराम छाती फुगवून म्हणाला.

"ती दिसती की मला. पर कशापायी?"

धोंडीरामानं डोळा मारला. "घ्या! मलाच इचारती! जसं काय तुला ठावंच न्हाय!"

आता सांगा, ह्यावर ती बिचारी काय बोलणार? नवीन नवरी, परकं गाव. तिला वाटलं, ह्या घरात हत्ती बांधायची काही रीत असेल आणि आपल्याला माहीत असायला पाहिजे होती. तिनं सासूला विचारलं. बजाबाई म्हणाली, "आमच्यात न्हाई गं बाई असलं काय. तुमच्यात हाय व्हय?" दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि आपापल्या कामाला लागल्या.

वर्षं जायला लागली. नीलव्वाला मराठी फाडफाड यायला लागली, अगदी भांडण्याइतकी. धुणं, सावली, सगळे शब्द आले. तिनं सरळ सांगितलं, "अवो, मला धुण्याला एक दगड द्या." तो म्हणायचा, "देतो की, आदी तुझं काम हुंदे." तुझं काम म्हणजे काय, ते तिला कळायचं नाही. तिला वाटायचं, माझं कसलं काम, कर्म माझं! शेवटी तिनं मनाची समजूत घातली. कुणाचा नवरा पितो, कुणाचा पत्ते खेळतो, आपला हत्ती बांधतो. निदान शुद्धीत तर असतो.

पण एकदा तिचाही ताबा सुटला. ओढ्याच्या वळणावर तिला एक दगड सापडला. सपाट, रुंद, कडेला गोलाई, जणू देवानं धुण्यासाठीच घडवला. दोन बाया हाताशी घेऊन तिनं तो लोटत लोटत विहिरीवर आणला. रात्री समाधानानं झोपली. सकाळी धुणं घेऊन आली तर दगड नाही. इकडं बघते, तिकडं बघते, वर बघते तर हत्तीच्या खांद्याला उजवा कान आलेला!

"माजा दगड!" नीलव्वा किंचाळली. "त्यो माजा धुण्याचा दगड हाय!"

शिडीवरून धोंडीराम म्हणाला, "अगं, काय नामी कान झालाय बघ! तू आणलास व्हय? माझी गुणाची! आता डाव्या बाजूला असलाच अजून एक बघ की."

नीलव्वानं भिजलेलं धोतर उचललं आणि सगळं बळ एकवटून त्याच्या दिशेनं फेकलं. ते हत्तीच्या पाठीवर जाऊन पडलं आणि दुपारपर्यंत तिथं वाळत राहिलं. आठ दिवस ती नवऱ्याशी मराठीत बोलली नाही. कानडीत जे बोलली ते बसलिंगप्पानं ऐकलं आणि तोही उठून घरी गेला.

आणि मग पाचव्या वर्षी हत्तीचं पोट कोसळलं. भर दुपारी गडगडाट झाला. बजाबाईला वाटलं आभाळच पडलं, ती कण्या निवडत होती ते सूप घेऊनच बाहेर पळाली. धूळ बसली तेव्हा चार पाय, एक शेपूट आणि मधे दगडांचा ढीग, कानही त्यातच. धोंडीराम ढिगापुढं उकिडवा बसला होता. खरं सांगायचं तर नीलव्वाला क्षणभर फार बरं वाटलं. सुटलो बाई! ढिगात चार-पाच तरी सपाट दगड दिसत होते. पण धोंडीराम उठेना. जेवायला बोलावलं तर आला, घास हातात धरून बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईचं बोलणं त्यानं मधे तोडलं नाही, उडी मारली नाही, नुसतं "बरं" म्हणाला. नीलव्वाचं काळीज चरकलं. हा असला शहाणा नवरा तिला नको होता. चौथ्या दिवशी ती ढिगापाशी गेली, त्यातला सगळ्यात सपाट, सगळ्यात गुळगुळीत दगड उचलला, तोच जो तिनं मनात धुण्यासाठी हेरला होता, आणि आणून त्याच्या हातात ठेवला.

"उठा. बांधा," ती म्हणाली.

धोंडीरामानं दगड बघितला, तिला बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "आता कमान घालतो," तो म्हणाला. "मोटंच्या विहिरीला असती तशी कमान. मंजी हत्तीवर हत्ती ठिवला तरी पडायचा न्हाय." आणि खरंच पडला नाही. पोटाची कमान अशी बसली की खालून माणूस ताठ उभा राहून चालत जावा.

कान परत चढला, राहिलं तोंड. धोंडीरामानं हत्तीचं तोंड कधी बघितलंच नव्हतं. लांब नाक आणि मोठे कान असतात एवढं बसलिंगप्पाच्या गोष्टीत होतं. बाकी भव्य, रुबाबदार, दबदबा असलेलं तोंड म्हणून त्याच्या मनासमोर जे येई ते आणलं. दोन महिने घडवून सोंड खाली आली, वर डोळे उमटले. डोळ्यांखाली दोन फुगवटे, चढलेल्या भिवया, आणि एकूण मुद्रा जेवायला वेळ झाल्यासारखी. गाव बघायला आलं. मग बसलिंगप्पाच्या तोंडून निघून गेलं, "अरं, ह्ये तर आबासाहेब पाटील!"

धोंडीरामाच्या मनात तसं काही नव्हतं हो, देवाची शपथ. पण झालं ते झालं. गावात पाटलांना कुणी रामराम केला की मागं खुसखुस व्हायची. बाजारात पाटील केळी घ्यायला उभे राहिले तर केळीवाली पदर तोंडाला लावून वळली. धोंडीरामाला एव्हाना दोन लेकी झाल्या होत्या, त्या सोंडेवरून घसरताना ओरडायच्या, "पाटील आला, बाजूला व्हा!" पाटील धोंडीरामाला म्हणाले, तोंड बदल. धोंडीराम म्हणाला, "आबासाहेब, दुसरं तोंड कसं असतं ते मला ठावं न्हाय." ह्यात उद्धटपणा नव्हता, खरंच ठाऊक नव्हतं. पाटील लालबुंद झाले आणि त्यांनी सोलापूरला अर्ज ठोकला, की रस्त्याकडेच्या सरकारी जागेत धोंडीरामानं विनापरवाना हत्ती उभा केला आहे, तरी तो पाडण्यात यावा.

पस्तीस सालच्या फाल्गुनात मामलेदारसाहेब मोटारीतून आले. पाटील दगड फोडायच्या सुतक्या घेतलेले चार गडी घेऊन तयारच होते. सगळं गाव विहिरीभोवती जमलं. धोंडीराम सोंडेला पाठ लावून उभा, तोंडाचं पाणी पळालेलं. नीलव्वा धुण्याची बादली हातात घेऊन बायांत उभी होती, कारण मामलेदार आले म्हणून धुणं थांबत नाही.

मामलेदार तरुण होते, शिकलेले होते. त्यांनी हत्तीला एक फेरी मारली. मागून बघितलं, "वा!" म्हणाले. पुढं आले, हत्तीकडं बघितलं, पाटलांकडं बघितलं, आणि त्यांना अचानक खोकला आला. बराच वेळ आला. मग त्यांनी नकाशा उघडला.

"धोंडीराम, विहीर तुमची, पण तिच्या रस्त्याकडची वीस हात जागा सरकारी आहे. पाण्यासाठी, जनावरांसाठी, धुण्याभांड्यासाठी सोय म्हणून काही बांधलं असेल तर माझी हरकत नाही. पण नुसती हौस म्हणून बांधलं असेल तर पाडावं लागेल. सांगा, ह्या हत्तीचा उपयोग काय?"

धोंडीराम गडबडला. उपयोग? हत्तीचा? त्यानं खरं तेच सांगितलं.

"साहेब, उपयोगाचं मला ठावं न्हाय. माज्या बायकूनं मागितला म्हून बांधला."

गाव हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. चौघा गड्यांच्या हातातल्या सुतक्या गळून पडल्या. नीलव्वाच्या हातातली बादली मात्र तशीच राहिली. ती पुतळ्यासारखी उभी. मी मागितला? मी? हत्ती?

"लगीन होऊन आठवा दिस हुता," धोंडीराम सांगत होता. "हितंच. मी तिला तिच्या भाषेत इचारलं, काय पायजे. ती म्हणाली, दगड. मोठा. मग सोंड करून दावली. अशी. आनी म्हणाली आनी."

हात वर, हात खाली. नीलव्वानं तो हात ओळखला. तो लुगडं आपटत होता. तिच्या डोळ्यापुढं ती दुपार लख्ख उभी राहिली. दगड पायजे, आनी... अय्यो शिवा! मधला हत्ती! नऊ वर्षं! नऊ वर्षं हा माणूस उन्हात दगड फोडत होता, बोटं ठेचून घेत होता, गावाचं हसू झेलत होता, आणि ते सगळं तिनं मागितलं म्हणून! तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"काय हो बाई," मामलेदारांनी विचारलं, "तुम्ही मागितला होता हत्ती?"

सगळं गाव तिच्याकडं बघायला लागलं. पाटील बघायला लागले. धोंडीरामही बघत होता, आणि त्याच्या नजरेत शंका कसली ती नव्हती. नाही म्हटलं असतं तर खरंच होतं. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत विहिरीवर हवे तेवढे सपाट दगड मिळाले असते, उजव्या कानासकट.

"व्हय साहेब," नीलव्वा खणखणीत आवाजात म्हणाली. "मीच मागितला. धुणं धुवायला."

"हत्ती? धुणं धुवायला?"

"मग! हितं झाड हाय का एक तरी? पोटाखाली बगा की, कशी गार सावली पडलीया!" बादली घेऊन ती तरातरा चालत गेली आणि हत्तीच्या पोटाखाली जाऊन उभी राहिली. "हितं बसून धुणं धुवायचं. दगड तेवढा टाकायचा ऱ्हायलाय. त्यो उद्या टाकत्यात."

मामलेदार आत गेले, दोन मिनिटं सावलीत उभे राहिले. बाहेर फाल्गुनाचं ऊन भाजत होतं. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि बाहेर यायला जरा वेळच लावला.

"सोय आहे," ते म्हणाले. "राहू दे."

"आणि तोंडाचं काय?" पाटील ओरडले.

"तोंडाला काय झालं?"

पाटलांनी ओठ चावला. मामलेदारांनी खिशातून पेन काढून पुढं केलं. "अर्जात तोंडाचा उल्लेख नाही, पाटील. ते कुणासारखं दिसतं असं आपलं म्हणणं असेल, तर आपल्या सहीनं लिहून द्या. मी चौकशी करतो."

पाटलांनी पेनाकडं बघितलं, हत्तीकडं बघितलं. हत्तीनं त्यांच्याकडं बघितलं. पाटील म्हणाले, "तसं काय न्हाय, लांबून जरा भास हुतो," आणि घोड्यावर बसून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीरामानं पोटाखाली दगड बसवला. असा सपाट, असा गुळगुळीत, की नीलव्वानं त्यावर पहिलं लुगडं आपटलं तेव्हा ढप्प असा आवाज कमानीत घुमला आणि दोन्ही लेकी टाळ्या पिटायला लागल्या. धोंडीराम कमरेवर हात ठेवून उभा. जिंकलेल्या पैलवानासारखा.

"आता सांग, एन बेकु?"

नीलव्वा हसली. "अजून एक दगड. बारका. तुमास्नी हितं बसायला." आणि पुढचा शब्द यायच्या आत तिनं जीभ चावली.

"आनी?"

"आनी न्हाय!"

"न्हाय कशी? ही काय डोक्यावर उभी हाय की!"

झालं. नीलव्वा जी हसायला लागली ती थांबेचना. लुगडं हातातून सुटलं, डोळ्यातून पाणी, ती दगडावरच बसली. आणि हसता हसता तिनं सगळं सांगितलं. धुण्याचा दगड, माहेरचा निंब, आपटणारा हात, न आठवलेली सावली. धोंडीराम ऐकत होता. खुशीत असूनही जन्मात पहिल्यांदा त्यानं कुणाचं तरी बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग तो हळूच खाली बसला, मुरमावरच.

"मंजी तुला हत्ती नकोच हुता?"

"नको हुता."

"मग काल साहेबाला..."

"तवा नको हुता," नीलव्वा म्हणाली. "आता पायजे. कुणी हात तर लावू दे, मग बगते मी."

धोंडीरामानं वर बघितलं. डोक्यावर काळ्या दगडांची कमान, एकात एक बसलेली, मुंगीला वाट नाही. बाहेर मुरूम तापला होता. इथं त्याच्या पाठीवरचा घाम सुकत होता.

"सावली मातर पडती की गं," तो म्हणाला.

"पडती की. नऊ वर्सं लागली, पर पडती."

धोंडीरामाच्या पोटातनं हसू उसळलं ते कमानीत असं घुमलं, की बजाबाई घाबरून सूप घेऊन पुन्हा बाहेर आली. हसू ओसरल्यावर त्यानं खाली पडलेल्या लुगड्याचं एक टोक उचललं. नऊवारी लुगडं एकटीला पिळायचं म्हणजे मनगटं दुखतात.

"आण हिकडं," तो म्हणाला, "पिळू लागतो."